जिन्यातलं 'आपण'

"आपण इथं याआधी डोळे तपासलेत का?" चष्म्याच्या दुकानातल्या मुलीनं विचारलं, आणि सालोमीच्या तोंडून निघून गेलं, "आपण कुठे? मी एकटीच आलेय. आणि चष्मा माझा नाही, आईचा आहे." मुलगी गोंधळली. मग काउंटरमागच्या मैत्रिणीकडे बघत तिनं हसू दाबलं. "मॅडम, आपण म्हणजे तुम्ही," ती म्हणाली. "आम्हाला तसंच बोलायला शिकवलंय." सालोमीही हसली. हसण्यासारखंच होतं ते. चोवीस वर्षांची बाई, बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली, आणि 'आपण' म्हणजे 'तुम्ही' हे तिला वसईच्या बाजारात एका पोरीनं समजावून सांगावं! ठाऊक नव्हतं असं नाही. स्टेशनवरच्या घोषणेत ते असतं, लग्नपत्रिकेत असतं, शाळेच्या अर्जाखाली 'आपली आज्ञाधारक' असतंच. पण ते सगळं कागदावरचं नाहीतर भोंग्यातलं. गासला तिच्या घरी, वाडीवर, चर्चच्या आवारात कुणी कुणाला तोंडावर 'आपण' म्हणत नाही. फादरना 'तुम्ही', आजीला सरळ 'तू'. तिच्या कानाला एकच 'आपण' माहीत होतं, आणि गेल्या उन्हाळ्यातल्या संपापासून तर ते फारच पक्कं झालं होतं. आपण म्हणजे तू, मी आणि हे सगळे. चष्म्याची पेटी पिशवीत टाकून ती पायऱ्या उतरली, उन्हात आली, आणि पिशवीची चेन ओढता ओढता तिचा हात थांबला. स्टोअरमध्ये तिच्याबरोबर काम करणाऱ्या कौस्तुभचं जिन्यातलं वाक्य तिला आठवलं होतं.

"आपण ठरवलं की झालं. आपल्या शब्दाबाहेर कुणी नाही." एवढंच होतं ते. संपाचा चौथा की पाचवा दिवस असेल. नालासोपाऱ्याला, पश्चिमेला, ज्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं स्टोअर होतं तिच्या जिन्यात कौस्तुभ वरच्या वळणावर उभा राहून फोनवर बोलत होता. सालोमी खालून पाण्याची बाटली घेऊन चढत होती. त्याची पाठ तिच्याकडे होती. आवाज एकदम हळू, मऊ, विश्वासाचा. ती तिथंच, चार पायऱ्या खाली, थबकली होती. पोरं उन्हानं कंटाळलेली, दोघंतिघं कामावर परत जायच्या बेतात, आणि हा इथं एकटा उभा राहून कुणाला तरी, बहुतेक डिलिव्हरीवाल्या धनेशलाच, असा धीर देतोय! आपल्या शब्दाबाहेर कुणी नाही. तिला भरून आलं होतं. बाटली तशीच घेऊन ती मागे फिरली, बाहेर येऊन तिनं सगळ्यांना ते वाक्य सांगितलं, आणि परत जायला निघालेली पोरं परत बसली.

आता पारनाक्याच्या गर्दीत, केळीवाल्या बायकांच्या टोपल्यांशेजारी उभी राहून ती ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती. 'ठरवलं' म्हणाला होता तो, की 'ठरवलंत'? एका 'त'चा प्रश्न होता. 'त' असला तर ते 'आपण' म्हणजे समोरचा कुणीतरी मोठा माणूस. 'त' नसला तर ते आपले आपण. पण जिन्यात खालच्या स्टोअरमधल्या मशीनची टींटीं ऐकू येत होती, तिची चप्पल वाजत होती, आणि तो मऊ बोलत होता. 'त' ऐकू आलाच नव्हता. नव्हताच, की तिच्या कानानं तो गाळून टाकला? तिला स्वतःचाच राग आला. काय हा वेडेपणा! भर दुपारी, रस्त्यात उभं राहून एका अक्षरावरून माणसाला पारखायचं! कौस्तुभ म्हणजे कुणी परका आहे का?

परका नव्हताच, तीच तर गोची होती. स्टोअरमध्ये ती पिकर होती, म्हणजे गिऱ्हाइकानं फोनवर मागवलेलं सामान फळ्यांवरून धावत गोळा करणारी. कौस्तुभ ते पिशव्यांत भरायचा, आणि बाहेर धनेशसारखे रायडर ते दहा मिनिटांत पोचवायचे. रोज या हातातून त्या हातात जायचं सामान, पण एका कंपनीत असून ती माणसं एकमेकांची नव्हती. आतल्या मुली एका कंत्राटदाराच्या, बाहेरची पोरं फक्त मोबाइलमधल्या आयडीची. मुली म्हणायच्या, आम्हाला बाथरूम नाही. रायडर म्हणायचे, आम्हाला कारण न सांगता ब्लॉक करतात आणि कुणाशी बोलावं तर समोर माणूसच नाही. पॅकिंगवाले म्हणायचे, आम्हाला बसायला मिळत नाही. प्रत्येकाचं आपापलं 'आम्ही'. हे ओळखलं कौस्तुभनं. एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यानं कायदा केला: आजपासून 'आम्ही' बंद. जो म्हणेल त्यानं सगळ्यांसमोर गाणं म्हणायचं. आणि काय मजा आली होती त्या दिवसांत! धनेश राजोडीचा, त्यांच्याकडे 'ण' तोंडात येतच नाही, तो 'आपन, आपन' करत फिरायचा. बिहारमधल्या समस्तीपूरचा एक पोरगा होता, तो 'हम' म्हणायचा, आणि त्याचं 'हम' म्हणजे तो एकटाच हे कळल्यावर त्याच्याकडून रोज गाणं वसूल व्हायला लागलं. बघता बघता सगळ्यांची जीभ वळली. आपल्याला बाथरूम नाही, असं रायडर म्हणायला लागले. आपल्याला ब्लॉक करतात, असं मुली म्हणायला लागल्या. आणि मग एक दिवस, गाणंबिणं न म्हणता, सगळेच्या सगळे शटरबाहेर येऊन बसले.

सालोमीला कौस्तुभ आवडत होता. लपवायचं कशाला? त्याच्या बोलण्यात एक स्वच्छपणा होता, जो तिच्या माणसांत नव्हता. त्याचे वडील मुंबईला सरकारी नोकरीत, मूळचे कोकणातले, विरारला दोन खोल्यांचा फ्लॅट, दारात तुळस, कपाटात पुस्तकं. एकदाच गेली होती ती त्याच्या घरी, संपाच्या आधी. तिथं त्याचे वडील सोसायटीच्या चेअरमनला म्हणाले होते, "आपण चहा घेणार ना?" तेव्हा तिला वाटलं होतं, किती छान, हे पाहुण्यालाही आपल्यातलाच धरतात. रिक्षाची वाट बघताना तिला ते आठवलं आणि तिचे कान गरम झाले. म्हणजे कान तेव्हाही चुकलेच होते. त्या घरात 'आपण' हा हात जोडायचा शब्द होता, आणि ती समजत होती गळ्यात हात टाकायचा.

निर्मळला जाणाऱ्या शेअर रिक्षात तिला मागे, कोपऱ्यात जागा मिळाली. गासला उतरून घरी जायचं होतं, आईला चष्मा द्यायचा होता. पण सकाळचा फोन आता तिला टोचायला लागला. सकाळी कौस्तुभचा फोन आला होता. संप मिटला तेव्हा संपात बंद केलेले आयडी परत चालू झाले, मुलींना दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमची किल्ली मिळाली, सालोमीही कामावर परत गेली. एकट्या धनेशचा आयडी तेवढा बंद राहिला, कारण त्यानं शटरसमोर बाइक आडवी लावली होती. आणि कौस्तुभ? कौस्तुभला कंपनीनं समन्वयक केलं. कामगारांच्या तक्रारी ऐकणारा. "आत आपला एक माणूस हवाच होता," तो म्हणाला होता, आणि सगळ्यांनी मान डोलवली होती. सालोमीनं तर मोगऱ्याचा गजरा नेला होता वाडीवरचा, त्याच्या आईसाठी. तर सकाळी तो म्हणाला, "धनेशचं काम होतंय. कंपनीला एक छोटासा माफीचा व्हिडिओ हवाय. आजच्या आज. पण तो माझं ऐकत नाहीये, तुझं ऐकेल." आणि तिनं धनेशला फोन लावला होता. राजोडीला धनेश सध्या शनिवार-रविवारी एका रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये गाड्या लावतो, बाकीचे दिवस मामाच्या बोटीवर जातो, बोटीवर त्याला ओकाऱ्या होतात. कोळ्याच्या पोराला समुद्र लागतो म्हणून गाव हसतं त्याला. इतके महिने तो एका गोष्टीवर अडून होता: माफी मागणार नाही, चूक केलेली नाही. "मागून टाक," ती सकाळी म्हणाली होती. "शब्दच तर आहेत. कौस्तुभ सांगेल तसं बोल. तो आपला माणूस आहे, वाईट नाही करणार." धनेशनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू बोलतेस म्हनून हां. त्याच्यावर नाय माझा भरोसा. तुझ्यावर हाय."

तू बोलतेस म्हणून. रिक्षा भुईगावच्या वळणावर कलली आणि शेजारच्या बाईची भाजीची पिशवी तिच्या मांडीवर आली. तिनं ती हातानं धरून ठेवली. कौस्तुभ आपला असेल तर काही प्रश्नच नव्हता. नसेल, तर तो व्हिडिओ कशासाठी हवा होता? चूक झाली असं धनेशच्या तोंडून एकदा घेतलं की उद्या त्याच्यासाठी भांडायला कुणाला तोंड उरणार नव्हतं. ती ही साखळी जुळवत होती आणि तिची तिलाच लाज वाटत होती. एका दुकानातल्या पोरीच्या एका शब्दावरून एवढं! पण आठवणी आता थांबेनात. संपात त्यांनी एक बोर्ड केला होता. मोठा खोका फाडून, धनेशनं मामाच्या बोटीचा उरलेला निळा रंग आणला, आणि सालोमीनं स्वतःच्या हातानं त्यावर लिहिलं, आपल्या शब्दाबाहेर कुणी नाही. जिन्यात ऐकलेलं वाक्य. कौस्तुभ आला, त्यानं बोर्ड वाचला, आणि त्याचा चेहरा उतरला. "हे कुठून आलं?" त्यानं विचारलं होतं. "तुझंच आहे," ती म्हणाली होती, लाडात. तो मान वळवून पलीकडे गेला. तिला वाटलं, लाजला. दुपारी कंपनीचे एरियाचे साहेब गाडीतून आले. पुण्याकडचे, गोड मराठी बोलणारे. त्यांनी काच खाली केली, तो बोर्ड वाचला, मग कौस्तुभकडे बघितलं आणि हसले. चांगलं मनापासून हसले. सालोमीला त्या हसण्याचा अर्थ लागला नव्हता. साहेब ओशाळला असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तो बोर्ड तिनं कुणासमोर धरला होता? साहेबाला जिन्यातून फोनवर वाहिलेलं वाक्य साहेबालाच वाचायला दिलं होतं, निळ्या रंगात, मोठ्या अक्षरांत, बावीस पोरांच्या डोक्यावर! बसली होती ती पोरं उन्हात, तहानलेली, आणि त्यांच्या डोक्यावर लिहिलेलं होतं की साहेब, आपल्या शब्दाबाहेर आम्ही कुणी नाही. नाही, नाही. असं नसेल. असं असून कसं चालेल?

गासचा फाटा आला. रिक्षावाल्यानं मागे बघितलं, "ताई, इथंच ना?" ती म्हणाली, "नाही, पुढे. निर्मळ." आणि फोन काढला. धनेशचा वाजत राहिला, उचलला नाही. दोनदा लावला. मग तिनं कौस्तुभला लावला. त्यानं लगेच उचलला.

"बोल सालोमी. झालं ना सकाळी धनेशशी बोलणं?"

"झालं. मला दुसरं विचारायचंय. संपात तू एकदा जिन्यात फोनवर बोलत होतास. आपण ठरवलं की झालं, असं. कोणाशी बोलत होतास?"

"कुठल्या जिन्यात?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "किती महिने झाले त्याला! मला कसं आठवणार?"

"बोर्डावर लिहिलं होतं ते. ते तर आठवत असेल."

"सालोमी, आपण यावर नंतर बोलूया का?"

"आपण म्हणजे कोण?"

"म्हणजे काय? तू आणि मी. काय झालंय तुला आज?" त्याच्या आवाजात खरंच काळजी होती, किंवा असावी. मग पलीकडे दार वाजलं, कुणीतरी काही म्हणालं, आणि कौस्तुभनं फोनवर हात ठेवला. पण बोटांच्या फटीतून तिला सगळं ऐकू आलं. "हो सर. आपण व्हा पुढे, मी आलोच. नाही नाही, आपण म्हणालात तसंच झालंय." तोच आवाज. हळू, मऊ, विश्वासाचा. जिन्याच्या वरच्या वळणावरचा. आता 'त'चं कोडं उरलं नव्हतं. तो तिच्याशी, धनेशशी, पोरांशी बोलताना असा आवाज कधीच काढत नव्हता. त्यांच्याशी तो मोकळेपणानं, थोड्या चढ्या आवाजात बोलायचा. हा आवाज तिनं आयुष्यात दोनदाच ऐकला होता, आणि पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला भरून आलं होतं. कौस्तुभ परत फोनवर आला. "हे बघ," तो म्हणाला, "कुणाशी तरी बोलावंच लागतं. सगळ्यांनी शटरसमोर बसून चालत नाही. मी बोललो म्हणून तुमचे आयडी आले. मॅच्युअर हो जरा." तुमचे, म्हणाला तो. तिनं फोन बंद केला.

शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं नाय वाटत का गं?" सालोमी म्हणाली, ऊन लागलं. रडू येत नव्हतं. राग येत होता, पण तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. कौस्तुभवर ठेवावा, तर तो सरळ स्वतःच्या शब्दांत बोलला होता. खोटंही धड बोलला नव्हता. तिनंच ते चोरून ऐकलं, उचललं, डोक्यावर घेऊन नाचली. तो बोलला साहेबाशी, आणि पोरांना थांबवलं तिनं. त्याला पोरं थांबायलाच नको होती, त्याला संप लवकर संपवून हवा होता. तिच्या चुकलेल्या कानामुळे तो दोन दिवस जास्त चालला, आणि त्या जास्तीच्या दोन दिवसांतच धनेशनं बाइक आडवी घातली. हे तिला निर्मळच्या तळ्याजवळ, दुसऱ्या रिक्षात चढताना, अगदी स्वच्छ दिसलं. पप्पा वाडीवर केळीला पाणी सोडताना म्हणाले होते, "कोण काय बोलतो त्यापेक्षा कोणाकडं बघून बोलतो ते बघत जा." तेव्हा ती चिडली होती. म्हातारे लोक सगळ्यांवर संशय घेतात, आपल्या पिढीचं तसं नाही, असं तिनं त्यांना सुनावलं होतं. आपल्या पिढीचं! आता धनेशला थांबवायचं, एवढंच डोक्यात होतं. व्हिडिओ केला नसेल तर करू नको. केला असेल तर पाठवू नको. आयडी गेला खड्ड्यात. तिच्या भरवशावर तो वाकायला तयार झाला होता, आणि ती त्याला तसं वाकू देणार नव्हती.

कळंब मागे पडलं. सुरूची झाडं दिसायला लागली. रस्त्याच्या कडेला मुंबईच्या गाड्या लागलेल्या, कुणाचा तरी स्पीकर वाजत होता. राजोडीच्या गल्लीत शिरताना ती जवळजवळ धावतच होती. धनेशच्या घरामागे, बोंबील सुकवायच्या बांबूंवर, कंपनीची सामान पोचवायची मोठी चौकोनी बॅग धुऊन उलटी टांगली होती. त्याची आई ओट्यावर बसून मासे साफ करत होती. तिनं सालोमीला बघून तोंड भरून हसत म्हटलं, "ये गं पोरी. तुझ्या तोंडात साखर पडो. किती दिवसांनी घरात हसू आलंय बघ." धनेश आतून आला, ओल्या केसांचा, धुतलेला शर्ट घातलेला. त्याचा चेहरा एवढा हलका तिनं संपानंतर बघितला नव्हता.

"फोन का उचलत नाहीस?" ती म्हणाली.

"चार्जिंगला होता गं. बॅटरीच खाल्ली त्या व्हिडिओनं." तो हसला. "झालं. पाठवला पन. कौस्तुभ बोलला, चांगला झालाय."

तिला उशीर झाला होता. ती ओट्याच्या कडेवर बसली. आता निदान सांगायला हवं होतं, जिन्याचं, बोर्डाचं, सगळं. पण त्याची आई समोर होती आणि ती इतक्या खुशीत मासे धूत होती. "काय बोललास?" सालोमीनं विचारलं.

"तेच. चुकलो, माफ करा, परत असं करनार नाय. तुझं बरोबर होतं, ते कठीन नव्हतंच. शब्दच तर हायेत." तो तिच्या शेजारी टेकला. "पुढचं कठीन होतं."

"पुढचं काय?"

"नाव. कंपनीला एक नाव पायजेल होतं. पोरांना भरीला कोनी घातलं, थांबवून कोनी ठेवलं, ते. मी बोललो, गेला तुमचा आयडी, मी कोनाचं नाव घेनार नाय. तवा कौस्तुभ बोलला, अरे, सालोमीला विचारलंय मी, तिची काय हरकत नाय. तिला काय होनार नाय, मी बसलोय ना इथं. आनि तू तर सकाळीच बोललीस, तो सांगेल तसं बोल म्हनून." त्यानं तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत उपकार होते, आणि थोडी लाजही. "एवढं कोन करतं गं कोनासाठी?"

त्याच्या आईनं परातीतलं पाणी अंगणात ओतलं. सालोमीला म्हणायचं होतं, मला कुणी विचारलं नाही. ते तोंडाशी आलंही होतं. पण मग धनेशनं काय केलं होतं हे त्याला कळलं असतं, इथं, त्याच्या आईसमोर, धुतलेल्या शर्टात.

"घेतलंस का नाव?" तिनं विचारलं.

"घेतलं तर. पयल्यांदा व्हिडिओ इथं भायेर केला, तर वाऱ्यानं तुझं नावच ऐकू येत नव्हतं," धनेश म्हणाला. "मंग आत जाऊन, दार लावून, परत घेतलं."